आधी प्रवास, मग कार्ड

राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या बाईकडे वस्तीतले लोक पूर्वी गृहकर्जाचे कागद घेऊन यायचे. आता क्रेडिट कार्डांची गुळगुळीत पत्रकं घेऊन येतात. ‘मॅडम, विमानाचं तिकीट फुकट भेटते म्हणे. घेऊन टाकू का?’ नागपुरात हा प्रश्न वाढण्याचं कारण उघड आहे. घरोघरची मुलं पुण्याला, बंगलोरला किंवा त्याहून लांब गेली आहेत आणि रेल्वेच्या रात्रभराच्या हेलकाव्यांपेक्षा दीड-दोन तासांचं विमान गुडघ्यांना मानवतं.

मी ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं लगेच सांगत नाही. उलट विचारते : पुढच्या वर्षभरात तुम्ही कुठे जाणार, कोणत्या विमानाने आणि किती जण? लोक कार्डापासून सुरुवात करून प्रवासाकडे जातात. हिशेब मात्र दुसऱ्या टोकाने मांडायला हवा. आधी प्रवास ठरवा, त्यावरून विमान कंपनी, तिच्यावरून मैलांची योजना आणि सगळ्यात शेवटी कार्ड.

गेल्या दिवाळीच्या आसपास माझ्याकडे तीन घरांतले लोक आले होते. मिहानमधल्या एका आयटी कंपनीत नुकती लागलेली मुलगी, कळमना बाजारात संत्र्याचा व्यापार करणारे एक गृहस्थ आणि निवृत्त शिक्षक पती-पत्नी, ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. तिन्ही घरांकडे एकाच कार्डाचं पत्रक होतं. तिन्ही घरांसाठी उत्तर वेगवेगळं निघालं. ते कसं, हे सांगण्यासाठी आधी या मैलांचं मूळ पाहू.

मैल येतात कुठून

अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘एअ‍ॅडव्हान्टेज’ नावाची योजना सुरू केली. वारंवार उडणारा प्रवासी दुसऱ्या कंपनीकडे जाऊ नये म्हणून त्याच्या नावावर मैल जमा करायचे आणि ठरावीक मैल झाले की तिकीट द्यायचं. सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, सिटी बँकेबरोबर त्यांनी कार्ड काढलं आणि विमानात पाऊल न टाकताही किराणा घेऊन मैल मिळू लागले. तेव्हापासून विमान कंपन्यांना एक नवा धंदा सापडला : मैल छापायचे आणि बँकांना विकायचे.

बँक ते मैल कशातून विकत घेते? दुकानात तुम्ही कार्ड घासता तेव्हा दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. साधारण दोन टक्क्यांच्या आसपास कापून उरलेली रक्कम त्याच्या खात्यात जाते. त्या कपातीतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे येतो आणि त्यातूनच तुमचे पॉइंट निघतात. बचत खात्यातून यूपीआयने पैसे दिले तर दुकानदाराकडून असं शुल्क घेतलं जात नाही, म्हणून तिथे कोणी मैल देत नाही. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, कर भरणं यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा अगदी थोडे देतात. तिथे बँकेला फारसं काही उरत नाही, हेच कारण.

हे समजलं की पुढचं गणित आपोआप कळतं. दुकानदाराकडून दोन टक्के घेणारी बँक प्रत्येकाला पाच टक्के परत देऊ शकत नाही. कोणाला तसं मिळत असेल, तर त्याचा भार कोणीतरी उचलतो. तो कोण, ते पुढे व्याजाच्या भागात येईल.

तीन जातींची कार्डं

पहिली जात विमान कंपनीच्या नावाची. कार्डावर बँकेचं नाव आणि कंपनीचं चिन्ह दोन्ही असतात आणि पॉइंट थेट त्या कंपनीच्या खात्यात पडतात. आपल्याकडे एअर इंडियाची योजना पूर्वी ‘फ्लाइंग रिटर्न्स’ होती, आता तिला ‘महाराजा क्लब’ म्हणतात. इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ आणली. एकाच कंपनीने वारंवार जाणाऱ्याला हे कार्ड सोपं पडतं. स्वागताला मिळणारं तिकीट किंवा मैल, जादा सामान अशा सवलतीही असतात.

दुसरी जात बँकेच्या स्वतःच्या पॉइंटांची. ते पॉइंट नंतर वेगवेगळ्या विमान कंपन्यांकडे वळवता येतात. इथे स्वातंत्र्य जास्त आणि डोकंही जास्त लागतं. एक पॉइंट म्हणजे एक मैल की अर्धा, वळवण्याचं शुल्क किती, वर्षाला किती वळवता येतात, हे सगळं पाहावं लागतं. एकदा वळवलेले पॉइंट सहसा बँकेकडे परत येत नाहीत.

तिसरी जात रोख परताव्याची. विमानाशी तिचा संबंध नाही. खर्चाच्या एक-दीड टक्का रक्कम बिलातून वजा होते. मी हिला मुद्दाम यादीत घेते, कारण पहिल्या दोन जातींना मोजायची फूटपट्टी हीच.

तुमच्या विमानतळावरून कोण उडतं

मुंबईत राहणाऱ्याला कोणतीही योजना चालते. नागपूर, कोल्हापूर, नांदेड इथल्या माणसाने आधी आपल्या विमानतळाचं वेळापत्रक उघडावं. ज्या कंपनीचं विमान तुमच्या गावात येतच नाही, तिचे मैल जमवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मैलांच्या तिकिटासाठी आधी मुंबई-दिल्ली गाठायचं आणि त्या प्रवासाचे पैसे खिशातून द्यायचे.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. विमान कंपन्यांचे गट असतात आणि एका कंपनीचे मैल गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात वापरता येतात. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या गटात आहे. त्यात लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड या कंपन्या आहेत. इंडिगो अशा कोणत्याही जागतिक गटात नाही. म्हणजे मुलीला भेटायला बंगलोरला जाणारी आई आणि नातवाला भेटायला नेवार्कला जाणारे आजोबा यांना एकच कार्ड उपयोगी पडेलच असं नाही.

एका मैलाची किंमत

पत्रकावर ‘दहा हजार मैल भेट’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. दहा हजार म्हणजे किती रुपये, ते छापलेलं नसतं. ते काढायला पेन्सिल पुरते.

समजा, नागपूर-बंगलोर तिकीट रोखीने ६,५०० रुपयांना आहे. तेच तिकीट मैलांनी घेतलं तर ९,००० मैल आणि वर कर-शुल्काचे १,२०० रुपये द्यावे लागतात. मैलांचं तिकीट पूर्ण फुकट नसतं, ही गोष्ट इथेच कळते. वाचले ५,३०० रुपये. त्याला ९,००० ने भागा. एका मैलाला एकोणसाठ पैसे मिळाले. दिवाळीत तिकीट ११,००० रुपयांवर गेलं आणि मैल मात्र तेवढेच लागले, तर वाचतात ९,८०० आणि मैलाचा भाव जातो एक रुपया नऊ पैशांवर. म्हणून स्वस्त तिकीट रोखीने घ्यावं आणि मैल महाग दिवसांसाठी ठेवावेत. अडचण अशी की अनेक योजनांत भाडं वाढलं की मैलही जास्त मागतात आणि ठरावीक मैलांच्या जागा सणासुदीला आधीच संपतात. पाहिजे त्या तारखेला जागा आहे का, हे कार्ड घेण्याआधी त्या कंपनीच्या ॲपमध्ये खातं उघडून पाहता येतं. खातं उघडायला पैसे पडत नाहीत, तरी फारच थोडे लोक ते करतात.

आता कार्डाचं वर्षाचं गणित. धरून चाला की कार्डाचं वार्षिक शुल्क ३,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० होतात. दर शंभर रुपयांना दोन मैल मिळतात आणि एक मैल एक रुपयाचा मानला, जो मी जरा उदारपणेच मानते. दुसऱ्या बाजूला दीड टक्का परत देणारं, शुल्क नसलेलं कार्ड ठेवा.

मिहानमधल्या मुलीचा पॉइंट मिळू शकणारा खर्च महिन्याला ३०,००० होता, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. मैलवाल्या कार्डावर ७,२०० मैल. शुल्क वजा जाता उरले ३,६६० रुपये. रोख परताव्याच्या कार्डावर ५,४०० रुपये, तेही कुठल्या आसनाची वाट न पाहता. तिने कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हणजे या कार्डावर विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट म्हणून खाल्लेली इडली मला पडणार किती रुपयाला?’ पोरगी हुशार आहे.

हीच दोन कार्डं वर्षाला सात लाख आठ हजारांच्या खर्चावर बरोबरीत येतात. त्यापुढे मैलवालं कार्ड सरस ठरतं, पण मैलाला खरोखर एक रुपया मिळत असेल तरच. मैलाला पन्नास पैसेच मिळाले, तर ते कार्ड रोख परताव्याला कधीही गाठत नाही. तुमच्या कार्डाचे आकडे वेगळे असतील. आकडे बदला, रीत हीच ठेवा.

एक सावधगिरी. ‘वर्षाला अमुक लाख खर्च केले तर शुल्क माफ’ किंवा ‘एक तिकीट भेट’ अशा पायऱ्या असतात. फेब्रुवारीत वीस-पंचवीस हजार कमी पडतात म्हणून लोक नको असलेला टीव्ही घेतात. साडेतीन हजार वाचवायला पंचवीस हजार घालवण्याला आमच्या बँकेत वेगळाच शब्द होता, तो इथे छापण्यासारखा नाही.

परदेशात कार्ड वापरतानाही हिशेब करा. बऱ्याच कार्डांवर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्के असतं. त्यावर जीएसटी धरला की ४.१३ टक्के. दोन टक्क्यांचे मैल मिळवायला चार टक्के मोजायचे का?

मैल म्हणजे आश्वासन

मुदत ठेवीचा दर बँक मध्येच कमी करू शकत नाही. मैलांचा भाव मात्र कधीही कमी करता येतो आणि तसं अटींमध्ये लिहिलेलंही असतं.

ॲक्सिस बँकेचं ‘मॅग्नस’ कार्ड मैल जमवणाऱ्यांचं फार लाडकं होतं. सप्टेंबर २०२३ पासून त्याचं वार्षिक शुल्क १०,००० वरून १२,५०० झालं, महिन्याला ठरावीक खर्चावर मिळणारे २५,००० जादा पॉइंट बंद झाले आणि ५ पॉइंटचे ४ मैल मिळायचे तिथे २ मिळू लागले. ज्याने वर्षभर पॉइंट साठवून ठेवले होते, त्याच्या साठ्याची किंमत मैलांत मोजली तर निम्म्यावर आली. यात फसवणूक काही नव्हती, सगळं कळवून झालं.

विमान कंपन्यांचं तर विचारूच नका. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली आणि परत उडाली नाही. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९ ला झालं. जेटची मैलांची योजना वेगळ्या कंपनीत होती म्हणून ती त्या दिवशी बुडाली नाही, पुढे ‘इंटरमाइल्स’ नावाने चालली. पण ज्या विमानांसाठी मैल साठवले, ती विमानंच उरली नव्हती. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट एअर इंडियाकडे गेले, विस्ताराच्या नावाची नवी कार्डं मात्र बंद झाली.

यातून मी एवढंच शिकले : मैल साठवू नयेत, वापरावेत. वर्ष-दीड वर्षात जो प्रवास नक्की करायचा आहे, तेवढेच जमवायचे आणि तिकीट काढून मोकळं व्हायचं. अनेक योजनांत मैलांना मुदत असते, ती वहीत लिहून ठेवायची. मैल हा म्हातारपणाचा आधार नाही.

अर्ज करण्यापूर्वी

कार्ड ठरलं की लोक घाईने चार बँकांत अर्ज टाकतात, ‘एखादं तरी मंजूर होईल’ म्हणून. कर्ज विभागात माझ्यासमोर असा अहवाल आला की मी चष्मा नीट करून बसायची. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमचा पतअहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद होते. महिन्याभरात चार नोंदी दिसल्या तर कर्ज देणाऱ्याला वाटतं, या माणसाला पैशांची निकड आहे. म्हणून एकच अर्ज करा, आणि जिथे पगार किंवा पेन्शन जमा होते त्या बँकेत आधी विचारा. तिथे तुमचा व्यवहार त्यांना दिसत असतो.

आपल्याकडे पतअहवाल देणाऱ्या चार संस्था आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण कमी होत नाहीत, ही भीती मनातून काढा. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात आणि साडेसातशेच्या वर असतील तर अर्जाला सहसा अडचण येत नाही. अहवालात फक्त गुण पाहू नका. फेडून टाकलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, दुसऱ्याच कोणाचं खातं आपल्या नावावर आलंय का, नावाचं स्पेलिंग पॅन कार्डाप्रमाणे आहे का, हे बघा. चूक असेल तर दुरुस्ती आधी, अर्ज नंतर.

कागद फार लागत नाहीत. पॅन, आधार, नोकरदाराला पगाराच्या पावत्या, व्यावसायिकाला आयकर विवरणपत्रं. पुष्कळदा ओळख व्हिडिओ कॉलवरच पटवली जाते. उत्पन्न आहे तेवढंच लिहा. उत्पन्नाचा पुरावा नसलेल्यांना किंवा वयामुळे नकार मिळणाऱ्यांना मुदत ठेवीवर कार्ड मिळतं, पण त्यांत मैलवाली कार्डं थोडी असतात.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये दिलेले निर्देश ग्राहकाच्या बाजूचे आहेत आणि ते माहीत असावेत. न मागता कार्ड देता येत नाही. तसं देऊन पैसे लावले, तर ते परत करून वर त्यांच्या दुप्पट दंड बँकेला भरावा लागतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी कळवावं लागतं. व्याज, शुल्क हे सगळं एका पानावर मांडलेलं महत्त्वाच्या माहितीचं पत्रक अर्जाबरोबर द्यावं लागतं. रंगीत जाहिरातीऐवजी तेच पान मागून घ्या. बाकी काही नसेल आणि तुम्ही कार्ड बंद करायला सांगितलं, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाही झालं तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळतात. मात्र बंद करण्याआधी पॉइंट वापरून घ्या किंवा वळवून घ्या.

ज्यांच्या जिवावर हे चालतं

आता तो राहिलेला प्रश्न. कोणाला दोन टक्क्यांहून जास्त मिळत असेल, तर भार कोण उचलतं?

४०,००० रुपयांचं बिल आलं आणि फक्त ‘मिनिमम ड्यू’ भरला, समजा पाच टक्के, म्हणजे २,०००. उरले ३८,०००. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,३३० रुपये आणि त्यावर जीएसटी २३९. एका महिन्यात १,५६९ रुपये गेले. त्या ४०,००० च्या खरेदीवर मैल मिळाले ८००. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ज्या दिवशी कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज सुरू. कार्डांवरचं व्याज तीस टक्क्यांवर नेऊ नये, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा कायदा आपल्याला व्याजापासून वाचवील, या भरवशावर राहू नये. लाउंजमध्ये आरामात बसलेल्या माणसाच्या कॉफीचे पैसे बऱ्याच अंशी हा मिनिमम ड्यू भरणारा माणूस देत असतो.

म्हणून माझी पहिली अट मैलांची नाहीच. पूर्ण बिल देय तारखेआधी खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सूचना बँकेला द्या. ते जमत नसेल, तर मैलवालं कार्ड तुमच्यासाठी नाही, कितीही सुंदर असलं तरी.

त्या तिन्ही घरांचं काय झालं? मिहानमधल्या मुलीने शुल्क नसलेलं रोख परताव्याचं कार्ड घेतलं. बंगलोरचं तिकीट ती स्वस्त दिवस पाहून रोखीने काढते. संत्र्याच्या व्यापाऱ्यांची उलाढाल मोठी, पण शेतकऱ्याला पैसे रोख किंवा बँकेतून जातात. कार्डावर जाण्यासारखं उरतं ते घरचं सामान आणि वर्षातून दोनदा दिल्लीचा मुक्काम. ‘म्हणजे माझा एवढा मोठा धंदा तुमच्या कार्डाच्या काही कामाचा नाही,’ ते म्हणाले, आणि पत्रक घडी करून खिशात घातलं. शिक्षक पती-पत्नींनी एअर इंडियाच्या योजनेतलं खातं उघडलं आणि तिच्याशी जोडलेलं कार्ड घेतलं. नातवाच्या मुंजीसाठी पुढच्या उन्हाळ्यात जायचं नक्की आहे, दोघांच्या औषधांचा आणि घरदुरुस्तीचा खर्च तसाही होणार आहे, आणि बिल भरायला सर कधी चुकत नाहीत. मैल तिकिटाला पुरणार नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. एका बाजूच्या तिकिटाला थोडा हातभार लागला तरी खूप झालं. मुंज झाली की ते कार्ड ठेवायचं की बंद करायचं, हा हिशेब पुन्हा मांडायचा, असं आमचं ठरलं आहे.